ओल्या तंबाखूचं वजन

पाइपच्या तंबाखूवरचा कर वजनावर असतो, आणि तो वाढल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मोजणीच्या दिवशी पाहते तर लेकानं दुकानातला माल गच्चीवर वाळवून आणलेला. "आई, वजन घटलं, कर वाचला!" "आणि गिऱ्हाइकाची जीभ भाजेल ती? पाइपात कोरडी तंबाखू भरतात होय रे, शहाण्या?" तेवढ्यात कराचा निरीक्षक तराजू घेऊन दारात. लेक कुजबुजला, "गप्प बस, नाहीतर दुकानाला कुलूप लागेल." मी बसले, उठले, पुन्हा बसले. चिमूटभर तंबाखू चोळली तर बोटांत नुसता भुगा. राहवेना. तांब्या उचलला आणि निरीक्षकादेखत तराजूतल्या मालावर पाणी शिंपडलं. काटा सरकला. लेकानं कपाळावर हात मारला. "आजी, कर वाढतोय तुमचा," निरीक्षक चाचरला. "दिसतंय. सरकारची करवाढ मला मान्य नाही, तेही लिही. भांडेन तुझ्या साहेबाशी, पण माल बिघडवून नाही."