उतरते आकडे

उतारावरचा बर्फ सगळाच्या सगळा घसरला आणि दादाला घेऊन गेला.

"वहिनी, रडू नका, फावडं काढा!" रेवती ओरडली. तिघांच्याही छातीवर हाक देणारं यंत्र होतं. कुणी गाडलं गेलं, की बाकीच्यांनी आपली हाक बंद करायची आणि फक्त ऐकायचं.

बर्फ तुडवून दम लागला, तशी ती थांबली. तिच्या यंत्रावरचे, हाकेपर्यंतचं अंतर दाखवणारे आकडे उतरू लागले. बारा मीटर. आठ. पाच. सापडला! तिचा जीव भांड्यात पडला.

मग तिनं आपल्या पायांकडे पाहिलं. ती तर जागची हललीच नव्हती.

मागून वहिनी फावडं घेऊन धापा टाकत आल्या. "कुठंय गं? सांग ना, कुठं खणू?"

त्यांच्या छातीवरच्या यंत्राचा दिवा अजून हाक देत लुकलुकत होता.