तिसऱ्या संगणकाचा ताप

दूधडेअरीच्या तीन संगणकांवर तीन कंपन्यांचे रक्षक-प्रोग्राम महिनाभर जोखायचे होते. पहिले दोघे तगडे, कुणाला आत फिरकू देत नसत. तिसऱ्यानं मात्र पहिल्याच आठवड्यात बाहेरचा एक व्हायरस आपणहून आत घेतला. दोन दिवस तो संगणक तापून नुसता घरघरत होता. मॅनेजर सुलभा घोरपडेंनी वैतागून गुणांच्या तक्त्यात त्याच्यापुढे भलंमोठं शून्य काढलं.

आज त्याला बाद करणाऱ्या कागदावर त्या सही करत होत्या, तोच पहिले दोन पडदे काळे झाले. चाळीस हजार लिटर दूध गार ठेवणारी यंत्रं थांबली.

"मॅडम, व्हायरसनं दोघांना गाठलं!" तंत्रज्ञ इर्शाद मुजावर ओरडला. "पण तिसऱ्याला काहीच झालं नाही!"

तिसऱ्याला तो रोग आधीच येऊन गेला होता.

बघता बघता काळे पडदे उजळले, यंत्रं धडधडू लागली. सुलभाताईंनी पहिल्या संगणकावर पालथा हात ठेवला, लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. तो चांगलाच तापला होता.

तिसऱ्या पडद्यावर अक्षरं उमटली : "दोघांनाही टोचलंय. दोन दिवस ताप राहील, घाबरू नका."