खाडाखोड

जबाब वाचून दाखवायचा असतो, म्हणून हवालदारबाई वाचत होत्या. पाढे म्हणावेत तशा, एका दमात. ठाण्यात सगळे त्यांना मोतीबाई म्हणत, ते त्यांच्या अक्षरामुळे. तीस वर्षांत त्यांच्या कागदावर एकही खाडाखोड झाली नव्हती, आणि ही गोष्ट त्या दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवतच.

समोर औषधाच्या दुकानात काम करणारी मुलगी बसली होती. शेजारी तिची मावशी, पर्स मांडीवर घट्ट धरून. काल दुपारी दुकानाच्या माळ्यावर, औषधांच्या खोक्यांमागे, मालकाच्या मेहुण्याने या मुलीवर बलात्कार केला होता. तिने ते सगळं न थांबता सांगितलं होतं, आणि मोतीबाईंनी ते चार पानांत बसवलं होतं. आता फक्त सही बाकी होती.

"...तेव्हा मी जोरजोरात आरडाओरडा करून प्रतिकार केला, परंतु..."

"मी ओरडले नाही," मुलगी म्हणाली.

मोतीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"मी ओरडले नाही, आणि तुम्हाला तसं सांगितलंही नाही. माझा घसा बंद झाला होता. हात हलत नव्हते."

मोतीबाईंनी खुर्ची पुढे ओढली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. उलट अशी पोर समोर आली की त्यांचा जीव तुटायचा. "हे बघ बाळा, ही आमची लिहायची पद्धत आहे. ओरडली नाही म्हटलं, तर समोरचा वकील तुला सोलून काढेल. तुझ्या भल्यासाठीच लिहिलंय."

"लिहू दे गं त्यांना," मावशी हळूच म्हणाली. "त्यांचे केस यातच पांढरे झालेत."

"मावशी, डॉक्टरांच्या चिठ्ठीत नाही ते औषध मी कधी कुणाला दिलंय का? त्याच्या भल्यासाठी म्हणून?" मुलगी मोतीबाईंकडे वळली. "उद्या कोर्टात मला विचारतील, ओरडलीस का? मी नाहीच म्हणणार. मग खोटं कोण ठरेल? तो नाही, मी."

मोतीबाईंनी चारही पानं पुन्हा आपल्याकडे ओढली. एरवी त्यांच्या तोंडाला लागायची साहेबांचीही छाती नव्हती.

"आणि एक राहिलंय. त्यानंतर मी खाली येऊन दोन गिऱ्हाइकांना औषधं दिली. एक आजोबा होते. गोळी जेवणाआधी घ्यायची, हे त्यांना दोनदा समजावलं."

"ते मीच गाळलं. लोक म्हणतील, एवढं झालं आणि ही काउंटरवर उभी?"

"उभी होते," मुलगी म्हणाली.

मावशीची पर्स खाली घसरली. तिने ती उचलली नाही, हात भाचीच्या पाठीवर ठेवला. मोतीबाईंनी पहिल्यांदाच पोरीकडे नीट पाहिलं. तासभर त्या कागदाकडेच बघत होत्या. एवढीशी पोर, आणि केवढी छाती, असं त्यांना वाटलं. आपल्याला या वयात जमलं नसतं, हेही वाटलं.

साहेब दारात आले. "झालं का हो? बाहेर माणसं खोळंबलीत."

"जबाबात चूक आहे साहेब. मुलगी ओरडली नव्हती."

"ओरडली नाही? मग केस उभी कशी राहायची?"

"गेल्या वर्षी तुम्ही मला ट्रेनिंगला पाठवलं होतंत," मोतीबाई म्हणाल्या. "अर्धा वेळ मी डुलक्या काढल्या, खोटं कशाला बोलू. पण एवढं ऐकलंय. बाई गप्प राहिली म्हणजे ती कबूल होती, असं कायदा मानत नाही."

साहेब दार ओढून घेऊन निघून गेले.

मोतीबाईंनी पेन उघडलं. मग त्यांनी मोत्यांच्या ओळीवरून सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, माझा घसा बंद झाला होता. तिथे मुलीची सही घेतली. पुढची ओळ खोडली, तिथेही घेतली. शेवटी आजोबा आले, त्यांची जेवणाआधीची गोळी आली. चारही पानं पहिलीतल्या पोराच्या वहीसारखी दिसायला लागली.

"आता तू वाच," त्या म्हणाल्या. "सावकाश."

मुलीने प्रत्येक ओळीखाली बोट ठेवत वाचलं आणि खाली सही केली. मोतीबाईंनी एक प्रत काढून तिच्या हातात दिली. "ही तुझी. मागायची गरज नाही, हक्कच आहे तुझा. मागे नंबर लिहिलाय, तिथे तुला फुकट वकील मिळेल. आणि कोर्टात मावशीला शेजारी बसवायचं असेल, तर तसं आधीच सांगून ठेव."

दोघी गेल्यावर साहेबांनी येऊन कागद उचलले. उलटेपालटे करून पाहिले. "मोतीबाई, हे तुमचं वाटत नाही."

"नाहीच माझं. तिचं आहे."

कागद फाइलमध्ये लावायला त्यांनी कपाट उघडलं. आत तीस वर्षांच्या जबाबांच्या प्रती होत्या, वरपासून खालपर्यंत. एकाही पानावर खाडाखोड नव्हती, आणि त्यांतली प्रत्येक बाई जोरजोरात ओरडली होती.