वसाहतीचा कौल

कामगार वसाहतीतल्या मतदान केंद्रावर विरोधी उमेदवाराला एकही मत पडले नव्हते. हा उमेदवार त्याच वसाहतीत राहत होता, तिथेच मतदान करून आला होता, आणि शेजारच्या पंप कारखान्यातल्या कामगार संघटनेचा अध्यक्ष होता.

म्हणजे त्याने स्वतःलाही मत दिले नव्हते.

निवडून आले होते ते त्याच कारखान्याचे मालक. बँडच्या गजरात मिरवणूक पुढे सरकत होती आणि उघड्या जीपमध्ये उभे राहून ते या कोड्याचा विचार करत होते. पगारवाढ म्हणावी, तर दिलेली नव्हती. धाक म्हणावा, तर मतदान गुप्त. एकेक शक्यता खोडल्यावर उरले ते प्रेम, आणि ते मान्य करणे त्यांना मुळीच जड गेले नाही.

"बघितलंस?" ते शेजारी उभ्या मुलीला म्हणाले. प्रचारापुरता कारखाना त्यांनी तिच्यावर सोपवला होता. "तयार झालेला प्रत्येक पंप मी कान लावून ऐकायचो. आवाज पटला नाही, की उघडून स्वतः जुळवायचो. माणसं विसरत नाहीत असलं काही."

"नाही विसरत, बाबा."

फाटकाशी सगळा कारखाना लोटला होता. मालकांना खांद्यांवर उचलून घेण्यात आले. उचलणाऱ्यांत सर्वांत पुढे अध्यक्ष होता, आणि त्याचा आनंद तर गगनात मावत नव्हता.

"अरे, हरलास ना तू? जरा तोंड तरी पाड!"

"तुम्ही जिंकलात, मालक. आम्हाला सगळं मिळालं."

मालकांनी हात उंचावला.

"आमदार झालो म्हणून तुम्हाला अंतर देणार नाही! उद्यापासून रोज सकाळी आधी कारखाना, मग सभागृह!"

जयजयकार जागच्या जागी थिजला. खांदे सैल पडले आणि नव्या आमदारांचे पाय जमिनीला टेकले.

"एवढं नका करू, मालक," अध्यक्षाने हात जोडले. "दुसरा कोणी तगडा उभा राहू नये, म्हणून तर मी उभा राहिलो. घरोघर फिरून मतं मागितली, तीही तुमच्यासाठी!"

"माझ्यासाठी? पण का?"

सगळे मुलीकडे पाहू लागले. तिने घसा साफ केला.

"बाबा, तुम्ही प्रचारात होतात, तेवढ्या काळात बनलेला एकही पंप बिघडून परत आलेला नाही."