गारठ्यातलं हळदीकुंकू

"संक्रांतीपर्यंत हे पाडा," परसातल्या प्लॅस्टिकच्या घराकडे बोट दाखवत चेअरमन म्हणाले. "कॉलनीची शोभा जाते. नाहीतर आम्ही पाडू."

"या की," कुंदाताई म्हणाल्या. "तीळगूळ देते."

निफाडच्या थंडीत कॉलनीची शोभा केव्हाच करपली होती. या घरात मात्र टोमॅटो लालबुंद होते. दिवसभर उन्हात तापलेली पाण्याची काळी पिंपं रात्री ऊब सोडायची. वरून कुंदाताई रोपांवर नवऱ्याची गोधडी घालायच्या. तो गेल्यापासून त्यांना हळदीकुंकवाची बोलावणी येत नव्हती.

म्हणून संक्रांतीला त्यांनीच बोलावणी केली, तीही इथे, टोमॅटोंमध्ये. विधवेच्या हातचं कुंकू कोण लावून घेणार, यावर कॉलनीत बरीच चर्चा झाली. पण संध्याकाळी गारठा असा पडला, की एकेक करत सगळ्या आल्या. प्रत्येकीला वाण म्हणून टोमॅटोचं रोप मिळालं.

तेवढ्यात चेअरमन माणसं घेऊन आले. त्यांनी दाराचा पडदा उचलला, तर समोर त्यांचीच बायको, शाल काढून, मांडीवर रोप घेऊन बसलेली.

"अहो, पडदा सोडा, गारठा येतोय," ती म्हणाली आणि कुंदाताईंपुढे कपाळ केलं. "पुन्हा लावा हो. घामानं पुसलंय."