टेबलाची पलीकडची बाजू

१९९२ साल. कॉम्प्युटर कंपनीतून आलेली मुलगी खिडकीशी उभी राहून एकेक कागद भिंगाखाली तपासत होती. प्रत्येक कागदावर एकच अक्षर, वीतभर उंच, काळ्या शाईतलं. कंपनी ती सगळी मशीनमध्ये घालणार होती. मग कुणालाही नुसतं बटण दाबून अक्षरवाल्यांचं वळण मिळणार होतं, आणि त्या वळणाला नावही त्यांचंच असणार होतं.

"काका, बाकी सगळी आहेत. फक्त ळ नाही."

अक्षरवाले खुर्चीत मागे टेकून बसले होते. चाळीस वर्षं पुस्तकांची नावं, दुकानांच्या पाट्या, औषधांची लेबलं करून त्यांची पाठ टेबलाच्या उंचीला वाकली होती. त्यांनी डोळे मिटले. ळ ते नेहमी शेवटी करत. एका देठावर दोन गोल; दोन्हींचं वजन सारखं दिसायला हवं, आणि मोजून सारखे केले तर हटकून एक जड दिसतो. अवघड म्हणून मागे ठेवलेलं अक्षर या वेळी मागेच राहिलं होतं.

"उद्या देतो."

"उद्या नाही चालणार हो. मशीनवाले संध्याकाळीच निघतायत. एकच तर आहे, मी बसते ना. तेवढंच बघायला मिळेल मला." ती स्टूल ओढून बसलीसुद्धा.

स्वयंपाकघराच्या दारात त्यांची बायको फडक्याला हात पुसत उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. मग आत जाऊन चहाचं आधण बंद केलं.

त्यांनी पेन्सिल घेतली. रेघ थरथरत गेली. तिच्यावर दुसरी, मग तिसरी. पंधरावीस रेघांचा गुंता झाला. त्यात कुठेतरी ळ होता. मुलगी पुढे झुकून बघत होती. पेन्सिलीत असं चालतं, पेन्सिल पोटात घालते. शाईला एकच रेघ लागते.

त्यांनी कुंचला बुडवून कागदाजवळ आणला. हात हलत होता. डाव्या हाताने मनगट धरलं, तर दोन्ही हात हलायला लागले. एक थेंब पडला, नशिबाने टेबलावर.

"जरा गारठा आहे आज," ते म्हणाले. मुलीच्या कपाळावर घाम होता.

बायको येऊन टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर बसली. खोली अरुंद, शेजारी दुसरी खुर्ची मावत नव्हती, म्हणून गेली सहा वर्षं ती समोरच बसत आली होती. तिने कागद वळवला नाही. उलट्या ळकडे क्षणभर पाहिलं, कुंचला नवऱ्याच्या हातातून अलगद काढून घेतला, आणि गुंत्यातली एक रेघ धरून न थांबता निघाली. वीस रेघांतली त्यांच्या मनातली तेवढी एकच. कुंचला उचलला तेव्हा ळ उभा राहिला होता.

मुलगी उठली. गठ्ठ्यातले तीन-चार कागद तिने पुन्हा भिंगाखाली धरले.

"काकू, म्हणजे ही सगळीच..."

"ती नुसती भरते," अक्षरवाले घाईने म्हणाले. "रेखाटन माझं."

"हो बाई, मी नुसती भरते," बायको मान वर न करता म्हणाली. "पाणी भरते, डबे भरते, तशीच ही."

तिने कुंचला पाण्यात बुडवून धुतला.

मुलीने पिशवीतून छापील फॉर्म काढला. 'सर्व अक्षरे माझ्या हातची आहेत', आणि खाली सहीसाठी एक ओळ. तो कुणापुढे ठेवावा ते तिला कळेना. शेवटी तिने तो टेबलाच्या मधोमध सोडला. "नाव एकच घालता येतं," ती म्हणाली. "कुणाचं, ते तुम्ही ठरवा. मी काही पाहिलं नाही."

अक्षरवाल्यांनी ती ओळ वाचली. मग बोटाने फॉर्म पलीकडे ढकलला.

"तू कर सही."

"कुणाची?"

"ज्याच्या हातची आहेत, त्याची." ते खिडकीबाहेर बघत होते. "मी दमलो गं आता."

तिने पेन उचललं आणि ते ओळीवर नुसतंच धरून ठेवलं. मग फॉर्म तसाच उलटा ठेवून तिने नवऱ्याची सही केली, शेवटच्या अक्षराच्या त्या लांब शेपटीसकट.

"अगं, हे काय केलंस?"

"इतक्या वर्षांत माझं नाव मी कधी वळणात काढलं नाही. आता कुठे नव्याने बसवत बसू?" ती उठली. "चहा टाकते. साखर किती गं तुला?"

अक्षरवाले त्यानंतर तीन वर्षं जगले. ते गेल्याची बातमी त्याच वळणात छापून आली. शाळेची पुस्तकं, बसच्या पाट्या, पावतीपुस्तकं, जिथे तिथे ते वळण गेलं. मुलगी पुढे कंपनीत मोठ्या जागेवर पोचली. ळचा तो कागद तिने परत पाठवायचा होता, पाठवला नाही. हाताखालच्या नव्या लोकांना शिकवताना ती तो आधी उलटा धरून दाखवायची आणि का ते सांगायची नाही.

बायको बरीच जगली. ऐंशी ओलांडल्यावर एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसली होती. नर्सला हसू आलं.

"आजी, पेपर उलटा धरलाय तुम्ही."

"असू दे," ती म्हणाली. "मी याच बाजूला बसायचे."