मुठीचा पीळ

वरुणने शमिकाचे केस मुठीत धरले, मुठीला एक पीळ दिला आणि तिचं कपाळ भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा आपटणार तोच सुकवरियाबाईने त्याला कमरेत धरून उचललं. भांडण कशावरून, तर एका कुंचल्यावरून. दोघंही नऊ वर्षांची. मुलांनी सकाळीच पांढऱ्या मातीने सारवलेल्या भिंतीवर लाल डाग पडला आणि धाकट्या मुली रडायला लागल्या.

कोटरा सुल्तानाबाद वस्तीच्या सामुदायिक भवनातलं हे उन्हाळी शिबिर नलिनीचं होतं. गोंड गावांमध्ये मुलं कशी वाढतात यावर तिने सहा वर्षं संशोधन केलं होतं, जाडजूड प्रबंध लिहिला होता आणि तो कपाटात धूळ खात पडू नये म्हणून हे शिबिर काढलं होतं. आपण राहिलो त्या घरांत मुलावर हात उगारलेला एकदाही पाहिला नाही, असं ती पालकसभेत छातीठोकपणे सांगायची. पालक माना डोलवायचे आणि कूलर आहे का ते विचारायचे.

डिंडोरीकडच्या गोंड सुकवरियाबाईचं नाव माहितीपत्रकात चित्रकला शिकवणारी म्हणून छापलं होतं. पण शिबिर खरं चालायचं ते तिच्या एका प्रश्नावर. मुलाने बरं-वाईट काहीही केलं तरी का केलंस, असं ती कधी विचारत नसे. 'किससे सीखा?' एवढंच विचारायची. ज्याने शिकवलं त्याला बोलावून मुलांच्या गोलात बसवायचं, हा तिच्या घरचा रिवाज. सुरेख गाठ मारणारीने आपल्या आत्याला आणलं होतं. शिवी देणाऱ्याने स्कूलव्हॅनच्या ड्रायव्हरला आणलं, तर तो बिचारा वीस मुलांमध्ये मांडी घालून बसला आणि आपणहून कान पकडून गेला. शिक्षा कोणालाच नसायची.

नलिनीने शमिकाच्या कपाळाला पट्टी बांधली. जखम खोल नव्हती. दोन्ही घरी फोन केले. शमिकाची आई म्हणाली, मी येईपर्यंत तो मुलगा तिथे दिसता कामा नये. नलिनीला ते मान्य नव्हतं. मुठीचा तो पीळ नऊ वर्षांच्या पोराचा नाही, हे तिने पाहताक्षणी ओळखलं होतं. आज हा बोलला तर वाचेल, आणि काढून टाकला तर कायमचा हातचा जाईल, असं तिला आतून वाटत होतं. तिने सगळ्यांना गोल करून बसवलं आणि वरुणला मायेने विचारलं, कोणाकडून शिकलास?

तेवढ्यात त्याचे बाबा आले. हर्षल मंडीदीपच्या एका कारखान्यात इंजिनीअर होता, कामावरून तसाच निघालेला, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. भला माणूस म्हणून शहरातल्या मराठी मंडळींत त्याचं नाव होतं. त्याने शमिकाची पट्टी पाहिली. कोणाला काही विचारलं नाही. सरळ गोलात शिरून त्याने वरुणचे केस मुठीत धरले आणि मुठीला एक पीळ दिला.

वीस मुलांनी ते पाहिलं. आता वरुणने तोंड उघडायची गरजच उरली नव्हती.

"ताई, मध्ये पडू नका," हर्षल म्हणाला. "माझा मुलगा आहे."

त्याने मुलाला फरफटत त्याच भिंतीपाशी नेलं. कपाळ भिंतीवर आपटणार तोच सुकवरियाबाईने मध्ये आपला हात घातला. कपाळ वाचलं. तिची बोटं मोडल्याचा आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला. ती ओरडली नाही, हातही काढला नाही. हर्षलने मुलाचं डोकं पुन्हा मागे खेचलं.

टोपल्या विणायला आणलेले बांबू कोपऱ्यात उभे होते. नलिनीने त्यातला एक उचलला आणि हर्षलच्या मनगटावर हाणला. मूठ सुटली, वरुण खाली पडला. खरं तर काम तिथेच झालं होतं. पण नलिनीचा हात थांबला नाही. दुसरा फटका खांद्यावर बसला, तिसरा पाठीवर. हर्षल गुडघ्यांवर आला. चौथा कानावर बसला आणि रक्त शर्टाच्या कॉलरवर उतरलं. तिला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगा. सहा वर्षांच्या संशोधनात वाटलं नव्हतं इतकं बरं वाटत होतं. पाचव्यासाठी तिने बांबू दोन्ही हातांनी वर नेला.

"बस, दीदी," सुकवरियाबाई म्हणाली. मोडलेला हात तिने पोटाशी धरला होता. "बच्चे सीख रहे हैं."

नलिनीने बांबू टाकून दिला. हर्षल भिंतीला टेकून कान दाबून बसला होता, आणि आता त्याच्यात उठण्याचं बळ नव्हतं. वरुण हातभर अंतरावर तसाच पडलेला. नलिनीला वाटलं, पोरगा वाचला. विस्कटलेले केस मागे सारत ती त्याच्यापुढे उकिडवी बसली.

"ये बाळा," ती म्हणाली, "आता तुला कोणी मारणार नाही." आणि त्याला उठवायला तिने हात पुढे केला.

वरुणने डोळे घट्ट मिटले, दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि सरकत सरकत तो बापाला जाऊन चिकटला.